बीपीची डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, पहिलं अपीलही फेटाळलं. आता दुसरं अपील की थेट ट्रिब्युनल?

सातारी_सून:

नमस्कार मंडळी. लिहितेय मी, पण प्रश्न मिस्टरांचा आहे. ते इथं लिहिणार नाहीत. मी लिहितेय हेही त्यांना फारसं पटलेलं नाही.

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. मिस्टर इन्फंट्रीत होते. जानेवारी २००१ ला भरती झाले आणि ३१ जानेवारी २०२३ ला नाईक म्हणून घरी आले. सर्व्हिस पेन्शन वेळेवर जमा होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. घरी येण्याआधी मिलिटरी हॉस्पिटलात रिलीज मेडिकल बोर्ड झाला. त्यात ‘प्रायमरी हायपरटेन्शन, ३० टक्के, आयुष्यभर’ असं लिहिलं, आणि पुढं लिहिलं की हा आजार नोकरीमुळं झालेला नाही आणि नोकरीमुळं वाढलेलाही नाही. फौजी लोक त्याला ‘नाना’ म्हणतात म्हणे. मग रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. गावात माजी सैनिकांचे फॉर्म भरून देणारे एकजण आहेत, त्यांनी २०२३ मध्ये पहिलं अपील लिहून दिलं. दोन वर्षं काही कळलं नाही. या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, पत्र आलं: अपील फेटाळलं. कारण एका ओळीचं. आजार पीस एरियात, म्हणजे शांततेच्या ठिकाणी, सुरू झाला, लष्करी सेवेशी संबंध नाही.

आता ते फॉर्मवाले म्हणतात, मुंबईला केस टाकू, थकबाकी मिळाली की त्यातले पंचवीस टक्के द्या, आधी एक पैसा नको. मिस्टरांची मूळ डिस्चार्ज बुक त्यांच्याकडंच आहे.

मला कळत नाही ते असं. भरती करताना माणूस ठणठणीत होता, म्हणून तर घेतला. बीपी लागलं ते गणवेशात असताना. मधल्या काळात पुन्हा कुठं गणवेशाची नोकरी मिळते का म्हणून मिस्टर एका भरतीला गेले, तर मेडिकलला बीपी बघून परत पाठवलं. आता चाकणला गोदामावर सिक्युरिटीला आहेत, रात्रपाळी. म्हणजे नोकरी नाकारायला बीपी पुरेसं आणि पेन्शन द्यायला अपुरं, हे कसं काय?

मिस्टरांना विचारलं तर म्हणतात, “ती पेन्शन गोळी लागलेल्यांची असते. मी नुसती गोळी खातो.” वर हसतात. त्यांच्या सेक्शनमधल्या एकाचा पाय गेलाय, त्याच्यासमोर बीपीचे पैसे मागायला लाज वाटते म्हणे.

तर विचारायचं एवढंच. दुसरं अपील करावं का सरळ ट्रिब्युनलला, म्हणजे सैन्याच्या न्यायाधिकरणाला, जावं? मुदत गेली का? आणि बीपीसारख्या आजाराला खरंच मिळतं का, का उगाच धावाधाव?

बाबू_सुभेदार:

वहिनी, जय हिंद. मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून घरी आलो. हे कागद मी अर्धी नोकरी इकडून तिकडं पाठवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम उद्या सकाळी करा. त्या फॉर्मवाल्यांकडून डिस्चार्ज बुक परत आणा. झेरॉक्स द्या, हव्या तेवढ्या द्या, मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही. मला दिला तरी मी घेणार नाही. आणि पंचवीस टक्क्यांचं विसरा. विभागाकडचं अपील साध्या कागदावर हातानं लिहून चालतं. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नमुना दाखवतात. ट्रिब्युनलला वकील लागला तर दिव्यांग व्यक्ती विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. शिवाय २०२५ च्या कारगिल दिनापासून ‘नालसा’नं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, सैनिक कुटुंबांसाठी वेगळी योजना काढली आहे, सैनिक बोर्डांत कायदेशीर मदतीची सोय करायची म्हणून. साताऱ्यात बसवली आहे का ते विचारून घ्या.

आता मुद्द्यावर येतो. नामंजुरीच्या पत्राशी भांडत बसू नका. ते पत्र म्हणजे नुसती सही आहे. निर्णय झालाय मेडिकल बोर्डाच्या कागदावर, त्याला एएफएमएसएफ-१६ म्हणतात. तो सगळा, पानन् पान, तुमच्या हातात आहे का? बहुतेकांकडं शेवटचं पान असतं आणि ते त्याच्याच आधारावर अपील लिहितात. खरी गंमत पहिल्या भागात असते. तिथं जवानाच्या पोस्टिंगचा तक्ता असतो. कधीपासून कधीपर्यंत, कुठं, आणि पुढं पीस का फील्ड (सीमेवरचा किंवा मोहिमेचा भाग), हाय अल्टिट्यूड असेल तर तसं. पुष्कळ पोरं घरी जायच्या घाईत हा तक्ता न वाचता सही करतात. मी तर एक तक्ता असा बघितलाय की बावीस वर्षांच्या नोकरीला तीन ओळी, तिन्ही पीस.

बीपीसाठी हा तक्ताच सगळं आहे. का ते सांगतो. फौजेच्या डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका असते, ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स’. तिच्या २००८ च्या आवृत्तीत परिच्छेद ४३ हा हायपरटेन्शनचा. त्यात असं आहे की फील्ड एरिया, हाय अल्टिट्यूड, दहशतवादविरोधी मोहिमेचा भाग किंवा जहाजावरची लांबलचक ड्युटी, इथं असताना प्रायमरी हायपरटेन्शन सुरू झालं तर ते सेवेमुळं वाढलं असं धरायचं. सेवेमुळं ‘झालं’ असं कुणी म्हणत नाही, ‘वाढलं’ म्हणतात, आणि पेन्शनला तेवढं पुरतं. म्हणून बोर्डावर ‘ऑनसेट पीस’, म्हणजे सुरुवात पीसला, एवढं लिहिलं की विषय संपवता येतो.

तर मला हे कळवा. बीपी पहिल्यांदा कागदावर कधी आलं, त्या दिवशी मिस्टर कुठं होते, आणि तिथं येण्याआधीची दोन-अडीच वर्षं कुठं होते.

राहिला लाजेचा प्रश्न. त्यांना म्हणावं, पाय गेलेल्याच्या ताटातला घास यात कुणी काढत नाही. त्याची पेन्शन वेगळ्या खात्याची असते, लढाईत किंवा मोहिमेत जखमी झालेल्याला जास्त दरानं, ती त्याला मिळतेच. ही साधी डिसॅबिलिटी. नियमात आहे तेवढंच मागायचं.

सातारी_सून:

साहेब, मनापासून आभार. मिस्टर सुट्टीला आलेत, त्यांना विचारून लिहिते.

२०१२ ते १४ उत्तर सिक्कीम. मग पीसला. एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ राष्ट्रीय रायफल्स, दक्षिण काश्मीर. तिथून सुटले ते दोन महिन्यांच्या रजेवर घरी आले आणि मार्च २०२० मध्ये पीसच्या युनिटला हजर झाले. हजर झाल्या झाल्या वार्षिक मेडिकल झाली, त्यातच बीपी सापडलं. हॉस्पिटलात ठेवून घेतलं, नंतर लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची खालची श्रेणी, दिली. म्हणजे पीसला जाऊन महिनाही झाला नव्हता.

काश्मीरला असताना डोकं फार दुखायचं म्हणतात. एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, गोळ्या घ्यायचे आणि परत पेट्रोलिंगला. फोनवर मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आत्ता, तुमच्या प्रश्नामुळं कळतंय.

बोर्डाचं शेवटचंच पान आहे आमच्याकडं. पहिला भाग नाही.

बाबू_सुभेदार:

वाटलंच होतं.

माहिती अधिकारात अर्ज टाका, रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. मागायचं काय ते स्पष्ट लिहा: रिलीज मेडिकल बोर्डाचे सगळे भाग, मार्च २०२० च्या अ‍ॅडमिशनची केस शीट, कॅटेगरीचे सगळे बोर्ड, भरतीच्या वेळची मेडिकल, आणि तारखांसकट पूर्ण पोस्टिंग. स्वतःचेच कागद मागताय, अडवायला काही कारण नाही. अर्जावर मिस्टरांची सही हवी, तुमची नको. सर्व्हिस नंबर घाला.

एएमसी_निवृत्त:

मी लष्करी वैद्यकीय सेवेत होतो, असल्या बोर्डांवर बसलो आहे. थोडं दुसऱ्या बाजूनं बोलतो. राग मानू नका.

बोर्डावरच्या डॉक्टरसमोर त्या दिवशी रांग असते आणि हातात पुस्तिका असते. रुग्णाशी त्याचं वैर नसतं. बीपी हा आजार गावात राहणाऱ्याला, बँकेत बसणाऱ्यालाही होतो. म्हणून तो तीन गोष्टी बघतो: सुरुवात कुठं झाली, वजन किती होतं, घरात कुणाला होतं. तुमच्या कागदांत या तीन जागा आधी तपासा, कारण उत्तर देणारा त्याच तीन जागांवर बोट ठेवणार आहे. वजन प्रमाणाबाहेर असल्याची नोंद असेल तर ‘स्वतःच्या निष्काळजीपणानं’ असा सूर लागतो. वडिलांना बीपी असल्याची नोंद असेल तर आनुवंशिक म्हणतील.

मात्र तुमच्या हकिगतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बीपी हा आजार सापडतो एका दिवशी, पण सुरू त्या दिवशी झालेला नसतो. युनिटला येऊन महिनाही न झालेल्या माणसाचं बीपी त्या महिन्यातच सुरू झालं असं म्हणायला वैद्यकीय आधार लागेल, आणि तो बोर्डानं लिहिला आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तारीख शोधाची लिहितात आणि तीच सुरुवातीची धरली जाते.

म्हणून पहिल्या अ‍ॅडमिशनची केस शीट महत्त्वाची. त्यात वर ‘हिस्टरी’ म्हणून दोन-चार ओळी असतात. नवीन डॉक्टर रुग्णाला विचारतो, काय होतंय, किती दिवसांपासून, आणि तो सांगेल ते लिहून घेतो. त्या वेळी पेन्शन कुणाच्या डोक्यातही नसते, त्यामुळं त्या ओळींना वजन असतं. ऑप्टिक फंडस, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी, आणि ईसीजी यांचे निष्कर्षही बघा. बीपी जुनं असेल तर तिथं खुणा दिसू शकतात. दिसल्या नाहीत म्हणून नवं ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

माण_देशी:

सगळ्यांचं ऐकून वाटेल की गेलं की मिळतं. तसं नाही, म्हणून लिहितोय. माझ्या थोरल्या भावाचं रजेवर असताना मोटारसायकलवरून पडून खुब्याचं हाड मोडलं. दहिवडीहून म्हसवडला पाहुण्यांकडं चालला होता. आम्ही म्हणालो, रजा म्हणजेही ड्युटीच. खाली हरलो, वरही हरलो. रजेत इजा झाली तर तिचा लष्करी कामाशी काहीतरी धागा दाखवावा लागतो असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलेलं आहे, आणि पाहुण्यांकडं जाण्यात तो धागा आणायचा कुठून. वकिलांनी फी घेतली, हे कुणी आधी सांगितलं नाही.

ताईंची केस आमच्यापेक्षा बरी दिसते. तरी आधी कागद, मग आशा.

वकील_मुंबई:

ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचसमोर उभा राहत असल्यानं दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो. हा सल्ला कागद न बघता दिलेला आहे, हे गृहीत धरा.

मिस्टर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाले, त्यामुळं त्यांना २००८ चे एन्टायटलमेंट नियम, म्हणजे पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, लागू. २१ सप्टेंबर २०२३ ला नवे, जास्त कडक नियम आले, ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांना. उत्तर देणाऱ्यांनी चुकून नव्या नियमांचा हवाला दिला तर तिथंच हरकत घ्या. २००८ च्या नियमांत नियम ७ आहे: सर्वसाधारणपणे दावा करणाऱ्याला हक्क सिद्ध करायला सांगितलं जाणार नाही. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तरच भार त्याच्यावर. तुम्ही त्या मुदतीत आहात.

निवाड्यांपैकी धरमवीर सिंग, २०१३, हा पाया. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं, आणि सेवेशी संबंध नाही असं म्हणायचं तर बोर्डानं कारणं द्यायची. २०१५ चा राजबीर सिंग त्याच वाटेनं जातो. हे दोन्ही निवाडे १९८२ च्या नियमांवरचे आहेत, त्यामुळं समोरचा वकील ‘२००८ ला लागू नाहीत’ म्हणतोच. त्याला उत्तर म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा निर्णय उपयोगी पडतो. तो एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाचा आहे. आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढं म्हणून भागणार नाही, बोर्डानं कारण दाखवायला हवं, असा त्याचा सूर आहे. उलट बाजूचाही सांगतो: नरसिंग यादव, २०१९, स्किझोफ्रेनियाची केस. तिथं सुप्रीम कोर्टानं बोर्डाचं मत कायम ठेवलं. म्हणजे धरमवीर सिंग हा जादूचा मंत्र नव्हे, तुमचे कागद बोलले पाहिजेत.

आता वेळेचं. निवृत्ती ३१ जानेवारी २०२३ ची. पेन्शनचा दावा दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, म्हणून उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पण तरसेम सिंग निवाड्यापासून, २००८ पासून, थकबाकी साधारणपणे केस दाखल करण्याच्या आधीच्या तीनच वर्षांची देतात. जानेवारी २०२६ च्या आत दाखल केलंत तर काही बुडणार नाही. म्हणून माझं मत, दुसऱ्या अपिलात वेळ घालवू नका, पहिलं फेटाळलेलं आहे, थेट अर्ज करा.

बाबू_सुभेदार:

वकील साहेबांचा मान राखून माझं मत वेगळं आहे.

ट्रिब्युनलच्या कायद्यात कलम २१ आहे: विभागातले उपाय संपवून या. दुसरं अपील हा उपाय नियमात आहे, पहिल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं. अर्ज दाखल करून घेतील, नाही असं नाही, पण समोरच्यानं ‘उपाय शिल्लक होता’ म्हणून तारखा खाल्ल्या तर? तेच कलम २१ म्हणतं की अर्ज देऊन सहा महिने उत्तर नाही आलं तर उपाय संपला असं धरायचं. म्हणून कागद हातात येताच दुसरं अपील स्पीड पोस्टानं टाका, पावती आणि पोच जपून ठेवा, आणि सहा महिने मोजायला लागा. माहिती अधिकाराचे कागद यायचेत. ते न घेता जानेवारीच्या आत मुंबईला धावण्यात मला शहाणपण दिसत नाही. चार-पाच महिन्यांची थकबाकी गेली तर गेली, पेन्शन आयुष्यभराची आहे.

पैशाचाही अंदाज देतो, म्हणजे मिस्टरांना कळेल कशासाठी चाललंय. समजा शेवटचा मूळ पगार ४०,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ४५,६००. शंभर टक्के डिसॅबिलिटीला याचे तीस टक्के, म्हणजे १३,६८०. तीस टक्क्यांना त्या प्रमाणात ४,१०४. पण वीस ते पन्नास टक्क्यांमधली डिसॅबिलिटी पन्नास धरायची अशी पद्धत आहे. मुदत पूर्ण करून घरी आलेल्यालाही ती मिळते, हे सुप्रीम कोर्टानं १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निवाड्यात सांगितलं. मग झाले ६,८४०. वर महागाईची भर, ती जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाली. दहा हजारांच्या पुढं जातं. गोदामाच्या रात्रपाळ्या कमी करता येतील एवढं तर नक्की.

अपिलात ही पन्नास टक्क्यांची मागणी वेगळ्या ओळीत लिहा. मागितलं नाही तर कुणी आपण होऊन देत नाही.

वकील_मुंबई:

सुभेदार साहेबांचा मार्ग चुकीचा नाही, सावधपणाचा आहे. एकच भर: दुसरं अपील करायचंच असेल तर नोव्हेंबर उजाडायच्या आत टाका, आणि माहिती अधिकाराचे कागद आल्यावर पुरवणी म्हणून जोडा. कागदांची वाट बघत अपील अडवू नका.

बाबू_सुभेदार:

मान्य. तसंच करा वहिनी.

सातारी_सून:

डिस्चार्ज बुक आणली. देताना ते म्हणाले, “बाहेरच्या लोकांचं ऐकून नुकसान करून घ्याल.” सासरे सोबत होते, त्यांनीच काय ते उत्तर दिलं.

आता दुसरं. मिस्टरांच्या काळ्या ट्रंकेत, युनिफॉर्मच्या घडीखाली, मार्च २०२० च्या हॉस्पिटलचे कागद सापडले. केस शीटची झेरॉक्स आहे, एक कोपरा ओला होऊन फाटलाय पण वाचता येतं. डॉक्टर साहेबांनी सांगितलं होतं तशी वर ‘हिस्टरी’ आहे. मुलीनं वाचून दाखवलं: ‘डोकेदुखी, अधूनमधून, एक वर्षापासून’. एक वर्ष मागं म्हणजे मार्च २०१९. तेव्हा मिस्टर काश्मीरला होते. त्याच्या खाली ‘वडिलांना हायपरटेन्शन’ असंही लिहिलंय. वजन ६९ किलो, उंची १७२.

मिस्टर बराच वेळ कागद बघत होते. म्हणाले, डॉक्टर पोरगेलासा होता, त्यानं विचारलं म्हणून सांगितलं, तो लिहून घेतोय हे लक्षातही नव्हतं.

वडिलांच्या बीपीचं काय करायचं? लपवायचं तर नाही ना?

एएमसी_निवृत्त:

अजिबात लपवू नका. कागद त्यांच्याकडंही आहे, तुम्ही ती ओळ झाकलीत तर बाकीच्या ओळीवरचाही विश्वास जाईल. उलट अपिलात आपणच लिहा की वडिलांना बीपी असल्याची नोंद आहे. आनुवंशिक कल असला तरी अडीच वर्षांच्या मोहिमेतल्या ताणानं तो आजार उघड झाला किंवा वाढला असेल, हे म्हणायला त्यामुळं काही अडत नाही. तुमची मागणीच ‘वाढला’ एवढी आहे. वडिलांना कितव्या वर्षी झालं? साठीनंतर झालं असेल तर तेही लिहा. मिस्टरांना चाळिशीच्या आत-बाहेर झालेलं दिसतंय.

वजन-उंचीवरून लठ्ठपणाचा मुद्दा इथं कुणाला काढता येणार नाही. ते आकडे अपिलात जरूर टाका.

सातारी_सून:

सासऱ्यांना चौसष्टाव्या वर्षी लागलं. आत्ता विचारलं तर म्हणाले, “पोरगा काश्मीरला होता तेव्हाच लागलं, लिहा तसं.” तेवढं लिहीत नाही 🙂

बाबू_सुभेदार:

लिहू नका, पण सासऱ्यांना माझा रामराम सांगा.

अपिलाचा मसुदा असा ठेवा. नामंजुरीच्या पत्राचा नंबर-तारीख आधी. मग भरतीची मेडिकल, शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. मग फक्त तारखा: काश्मीरला कधी, डोकेदुखी कधीपासून (केस शीटचं पान जोडून), रजा किती, पीसला हजर कधी, बीपी सापडलं कधी. मग परिच्छेद ४३. मग नियम ७. शेवटी मागणी: सेवेमुळं वाढलेला आजार मान्य करावा, ३० टक्के धरून ५० ला गोल करावं, १ फेब्रुवारी २०२३ पासून. दोन पानांच्या वर नको. ‘देशासाठी सर्वस्व दिलं’ वगैरे घालू नका, अपील वाचणाऱ्यानंही दिलेलं असतं. एमआय रूमचं रजिस्टर मागून बघा, पण आशा धरू नका, राष्ट्रीय रायफल्सची जुनी रजिस्टरं मिळणं कठीण. त्याऐवजी त्या काळात सोबत असलेल्या दोघांनी लिहून दिलं, अमुक काळात हा डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायचा म्हणून, तर जोडा. पाय गेलेल्या त्या दोस्तालाच विचारायला सांगा, तो त्या वेळी सोबत असेल तर.

सातारी_सून:

त्यालाच फोन केला. सोबतच होता. लिहून देतो म्हणाला, वर मिस्टरांना दोन शिव्या घातल्या की दोन वर्षं गप्प का बसलास. मसुदा झाला की इथं टाकते, नंबर झाकून.

खटावचा_फौजी:

साहेब, याच धाग्यात विचारतो. मुदत पूर्ण करून घरी आलो. कानाचं माझं बोर्डानं १५ टक्के धरलंय, तोफखान्यात होतो, आणि कारणाच्या रकान्यात ‘सेवेमुळं झालं’ असंच लिहिलंय. तरी पेन्शन नाही म्हणतात. मलाही दुसरं अपील का?

बाबू_सुभेदार:

तुमची अडचण वेगळी आहे. वहिनींची टक्केवारी मान्य आहे, कारण अमान्य. तुमचं कारण मान्य आणि टक्केवारी कमी. मुदत पूर्ण करून आलेल्याला वीसच्या खाली डिसॅबिलिटी पेन्शन बसत नाही. म्हणजे तुम्हाला टक्केवारीलाच हात घालावा लागेल, त्याला रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मागायचा. ताजी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, दोन्ही कानांची, आणि निवृत्तीच्या वेळची शेजारी ठेवा. नवीन धागा काढा, त्यात दोन्हींचे आकडे आणि निवृत्तीची तारीख टाका. इथं नको, वहिनींचा मसुदा यायचाय.